दारामागची पिशवी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक खाकी पिशवी गेली कित्येक वर्षं नुसती लटकते आहे. वडिलांच्या जुन्या पॅन्टची आईनं शिवलेली. बंद दुहेरी, तळाला दोनदा शिलाई, कारण तिच्यात पाच किलो बटाटे यायचे. परवा झटकायला काढली तर आत कांद्याची वाळकी सालं निघाली आणि एक चिठ्ठी. अक्षर बायकोचं: मूगडाळ 1, रवा बारीक, पोहे जाडे, गूळ (पिवळा नको), कोलम 5. चिठ्ठी तिनं लिहायची आणि पिशवी मी न्यायची, अशी आमची वाटणी होती. मोबाइलवरून किराणा येऊ लागला तेव्हा चिठ्ठीही गेली आणि पिशवीही गेली, दोघांची सुटका झाली, असं मी समजून चाललो होतो. सुटका एकाचीच झाली होती, आणि तो मी.

आम्ही डोंबिवलीत राहतो. दोघंही नोकरीला मुंबईत, घरात नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई. सकाळी पावणेआठला बाहेर पडायचं आणि रात्री आठला लोकलमधून उतरायचं, तेही गाडीनं मनात आणलं तर. अशा घराला दारात येणारं वाणसामान म्हणजे काय, हे तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय दहा किलो कणीक चढवलेल्या माणसालाच विचारावं. मी चढवली आहे. त्यामुळे ‘आमच्या वेळी’ म्हणून सुस्कारे सोडणाऱ्यांत मला बसवू नका.

मागच्या जूनमधली एक रात्र सांगतो. साडेनऊला जेवणं उरकली, मुलीचे डोळे मिटायला आले, आणि तेवढ्यात तिला आठवलं, की उद्या शाळेत दोन कार्डशीट, एक डिंकाची बाटली आणि मूठभर मटकी न्यायची आहे. मोड आणण्याचा प्रयोग. बाहेर पाऊस असा, की समोरची इमारत दिसत नव्हती. पूर्वी अशा वेळी घरात आधी रडारड, मग ‘आठ दिवस काय झोपली होतीस’ आणि शेवटी छत्री घेऊन बंद दुकानांच्या फळ्या बघत फिरणारा बाप, असा तीन अंकी प्रयोग व्हायचा. त्या रात्री वीस मिनिटांत सगळं दारात आलं. घेऊन येणारा मुलगा नखशिखान्त भिजला होता आणि कार्डशीट कोरडी होती. मी त्याला टॉवेल देऊ का म्हटलं, तर तो म्हणाला, “नको सर, अजून चार ऑर्डरी आहेत.” त्याच्याशी माझं काय नातं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. देशात अशी ॲपवरची कामं करणारे 2020-21 मध्ये 77 लाख होते असा नीती आयोगाचा अंदाज आहे. त्यांच्यातला एक आमच्या पायपुसण्यावर उभा होता, त्याच्या बुटांतून पाणी गळत होतं आणि माझी मुलगी सुखानं झोपायला गेली होती. तक्रार करायला मला तोंड नाही, एवढंच खरं.

आणि सोय ही काही ॲपवाल्यांनी लावलेला शोध नव्हे. आमच्या स्टेशनाबाहेर संध्याकाळी निवडलेली मेथी, सोललेले वाटाणे, चिरलेली फरसबी पिशव्या भरून विकायला ठेवलेली असते. लोकलच्या बायकांच्या डब्यात मांडीवर वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलणाऱ्या बायका सगळ्या मुंबईनं पाहिल्या आहेत. घर आणि नोकरी यांच्यामधल्या तासाभरात भाजी बसवायची कला या गावानं कधीच साधली होती. ॲपनं तो तास आणखी दाबून दहा मिनिटांचा केला. तोही जादूनं नव्हे. आपल्या घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत एखाद्या गाळ्यात माल भरून ठेवायचा, गिऱ्हाइकाला तिथे पाय ठेवू द्यायचा नाही, आणि कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे हे यंत्रानं सांगायचं. दुकानातून दुकानदाराच्या गप्पा वजा केल्या की दहा मिनिटं उरतात.

माझ्या लहानपणी सामान घरी यायला महिना लागायचा. आई मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद. 1975 साली निघालेल्या या पंचायतीची पद्धत अशी, की आसपासच्या घरांनी मिळून एक संघ करायचा, प्रत्येक घरानं महिन्याची मागणी छापील यादीवर भरून द्यायची, आणि ठरल्या दिवशी ट्रक येऊन सगळ्या संघाचा माल एकाच घरी उतरवून जायचा. तिथून पुढचं काम संघाचं. आमच्या घरी पाळी असली की पलंग भिंतीला उभे करायचे. बाहेरच्या खोलीत डाळी, साखर, साबण, अगरबत्त्या यांचे ढीग. जोशीकाकू यादी वाचणार, कोणी मोजणार, कोणी हिशेब मांडणार, आणि आम्ही पोरं ‘ब विंग, दुसरा मजला’ करत पिशव्या पोचवणार. मला मजल्यागणिक कोणाकडे किती तेल लागतं हे पाठ होतं. (कोणाकडे पाहुणे येणार आहेत तेही रव्यावरून कळायचं.) आता बघितलं तर ही घरपोच सेवाच होती. फरक एवढाच, की पोचवणारे आणि मागवणारे तेच होते.

आई यादीच्या डोक्यावर ‘श्री’ लिहायची आणि पहिला जिन्नस हळद. घरात हळद असो नसो, पहिली हळद. आणि यादी करताना तांदूळ संपले, मीठ संपलं असं म्हणायची तिला आजीची बंदी होती. संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. ॲप उघडलं की पहिल्यांदा दिसतो तो चिप्सचा जोडपुडा, आणि जे नाही त्याला ते सरळ ‘आउट ऑफ स्टॉक’ म्हणतं. आजी असती तर फोन पालथा घातला असता.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि या सगळ्याची शिस्त मोडली. आईला सांभाळायचं म्हणून आम्ही बाजार बंद केला आणि बायकोच्या फोनवर खातं उघडलं. तिच्या का? तिचा फोन हाताशी होता म्हणून. एवढ्या किरकोळ कारणावर घरातली एक व्यवस्था उलटली. टाळेबंदी उठली, खातं तिथेच राहिलं. मग मधली वर्षं मी काय केलं? सोफ्यावरून म्हणालो, “अगं, दही मागव ना.” हे म्हणताना आपण घरकामात लक्ष घालतोय असं मला मनापासून वाटायचं.

पिशवीच्या काळात काम दिसायचं. कोणीतरी उठायचं, चप्पल घालायचं, घामाघूम होऊन परत यायचं, आणि म्हणून ते वाटताही यायचं. वजन बाबांना, यादी आईला, सटरफटर पोरांना. आता काम एका अंगठ्याखाली मावतं, आणि अंगठ्याखालचं काम कोणी वाटून घेत नाही. आणायचे कष्ट वाचले. आठवायचे कष्ट, म्हणजे जिऱ्याचा डबा तळाला गेलाय, गुरुवारी आईचा उपास आहे, मुलीच्या डब्याला शनिवारी काहीतरी कोरडं लागतं, ते मात्र होते तिथेच राहिले. उलट वाढले. पूर्वी महिन्याची यादी एकदा व्हायची. आता ती चोवीस तास उघडीच असते. बायको गाडीत उभ्या उभ्या, एका हातानं कडी धरून, घाटकोपर ते मुलुंड या टप्प्यात आमची कोथिंबीर मागवते.

सरकारनं 2024 मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. हे आकडे घरकाम करणाऱ्यांचे आहेत; न करणारे पुरुष त्यात धरलेलेच नाहीत. मी स्वतःला 88 वाल्यांत बिनदिक्कत बसवलं आणि बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, “मग एक महिना तू मागव.”

मागवलं. पहिला धक्का माझ्या फोननंच दिला. तिच्या फोनवर ॲप उघडलं की ते कणीक, दूध, मूगडाळ विचारतं. माझ्या फोननं मला शीतपेयं, खारे शेंगदाणे आणि बर्फ विचारला. इतक्या वर्षांत मी माझ्या खात्यावरून क्रिकेटच्या सामन्यांपलीकडे काही मागवलंच नव्हतं. यंत्राला आमच्या संसाराविषयी माझ्याकडून कळलेलं ते एवढंच.

दुसरी अडचण भाषेची. मी डोळ्यांपुढे मराठी यादी धरायचो आणि दुकान हिंदी-इंग्रजीतून चालायचं. ओवा म्हणून शोधावं तर अंडी दिसायची. बडीशेप सौंफच्या आड, शेपू सुवाच्या आड. उपासाची वरी समा होऊन बसलेली, ती आईनं फोटो बघून ओळखली. मोहरीऐवजी ‘मस्टर्ड’ लिहिलं आणि सँडविचला लावायचा सॉस आला. आई त्या बाटलीकडे बघून म्हणाली, “याची फोडणी कशी देतात?” डाळींचे तीन भाव दिसत, पण कुठली लवकर शिजते ते कोणी सांगत नसे. वाणी सांगायचा. कधी खोटंही सांगायचा, पण दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे जाऊन उभं राहता यायचं.

तिसरी गोष्ट पैशांची. पिशवीला एक मर्यादा होती. हात दुखला की खरेदी थांबायची. इथे उलट. ‘आणखी 43 रुपयांचं घ्या, पोचवणं फुकट’ म्हटलं, की मी तीस रुपयांचा खर्च वाचवायला साठ रुपयांचे मखाणे घ्यायचो. शेवटच्या पायरीवर हाताळणी शुल्क, पावसाचं शुल्क, लहान ऑर्डरीचं शुल्क. गिऱ्हाइकाला असं गुंडाळण्याच्या 13 प्रकारांना केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये नियमावलीत नावं देऊन मनाई केली आहे; न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं त्यात आहे आणि शेवटाला किंमत फुगवणंही. मखाण्यांच्या मोहाला मात्र त्यात नाव नाही, तो माझा मीच. एकदा इडलीचं पीठ आलं, त्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. घरी पोचताना खाद्यपदार्थाचं किमान 30 टक्के आयुष्य किंवा 45 दिवस उरलेले असावेत, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2024 मध्येच ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलेलं आहे. मला ते नंतर कळलं. त्या रात्री आम्ही चौघांनी मिळून बावीस इडल्या संपवल्या.

कबूल करायला हवं, बिलाचा कागद मला आवडला. वाण्याच्या वहीत आमची उधारी नेमकी किती, हे वडिलांना कधी कळलं नाही. इथे प्रत्येक जिन्नस तारखेसकट समोर असतो. महिनाअखेर मी तो पाहिला. भाजीवर गेले त्याहून जास्त पैसे पुड्यांतल्या खाऊवर गेले होते, आणि मागवणारा मीच होतो.

महिना संपल्यावर आम्ही एक केलं. फ्रिजवर एक पाठकोरा कागद चिकटवला आणि नियम ठरवला: ज्याच्या हातून डबा रिकामा होईल त्यानं लिहायचं. मागवायचं मी. आठवायचं सगळ्यांनी. वर ‘श्री’ आईनं घातला आणि खाली हळद लिहिली. घरात पाव किलो होती.

पहिले आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी आमटी अळणी लागली. आईनं मिठाचा डबा उपडा करून दाखवला. मी कागद बघितला. कोपऱ्यात आईच्या कापऱ्या अक्षरात होतं: मीठ वाढलं. आणि त्यावर निळ्या पेन्सिलीची काट.

“हे कोणी खोडलं?”

“मी,” मुलगी म्हणाली. “वाढलंय तर कशाला मागवायचं? बाबा उगाच जास्त मागवतात.”

ॲप उघडून बघितलं. अकरा मिनिटं दाखवत होतं. मुलीनं तेवढ्यात चपला घातल्या होत्या. मी तिला तीस रुपये दिले आणि दारामागची पिशवी दिली. एक किलो मिठाला ती लागणार नव्हती, पण दिली. बंद तिच्या खांद्यावर आणि तळ घोट्याला लागत होता. खिडकीतून बघितलं, तर ती आमच्या वाणीशेठच्या दुकानापुढे दोन मोठ्या माणसांच्या मधून हात उंच करून उभी होती. तिचा नंबर यायला बराच वेळ लागला.

मीठ आलं. दोन रुपये सुटे नव्हते म्हणून शेठनं दोन गोळ्या दिल्या होत्या. एक तिनं जिन्यातच संपवली होती.