अण्णांचा हात आणि करंटची मशीन

माझ्या वडिलांना, अण्णांना, पॅरालिसिसचा झटका झोपेतच आला. पहाटे उठायला गेले तर उजवी बाजू हलेना. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झटका नेमका कधी आला हे कुणालाच सांगता येईना. त्यामुळे ते इंजेक्शन मिळालं नाही.

पाय लवकर सुधारला. काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले. हात मात्र लोंबत होता. खांदा सांध्यातून खाली ओघळला होता, वरून चाचपलं तर बोटभर खाच लागायची. त्या हाताला धरून त्यांना उठवायचं नाही, हेसुद्धा आम्हाला उशिरा कळलं.

मग फिजिओथेरपी सुरू केली. तिथला मुलगा हाताला दोन पॅड चिकटवायचा, करंटची मशीन लावायचा आणि दुसऱ्या पेशंटकडे जायचा. अण्णा पंख्याकडे बघत पडून राहायचे. बोटं हलताना दिसली की मला बरं वाटायचं. पण मशीन बंद झाली की हात होता तिथेच. शिवाय पॅड लावायचे कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला, म्हणजे मूठ मिटणाऱ्या स्नायूंवर. अण्णांची मूठ आधीच घट्ट व्हायला लागली होती.

एकदा घरी आल्यावर शर्ट काढताना मनगटाच्या वर फोड दिसला. पॅडचा जेल सुकला होता, एक कड सुटली होती आणि सगळा करंट उरलेल्या छोट्या जागेतून जात होता. त्या हाताला संवेदना कमी, त्यामुळे अण्णांना भाजलेलं कळलंच नाही. ते म्हणाले, "जाऊ दे, दुखत नाहीये." मला त्या वाक्याचंच जास्त वाईट वाटलं.

जखम भरल्यावर दुसऱ्या फिजिओ मॅडम मिळाल्या. त्यांनी आधी विचारलं: पेसमेकर आहे का, फिट येते का, पायात गुठळी झाली होती का? डोळे मिटायला लावून कापसाने हात तपासला. मग समजावलं. हाताची नस आणि स्नायू शाबूत आहेत, मेंदूकडून हुकूम पोचत नाहीये. करंट तो हुकूम बाहेरून देतो. पण त्याच क्षणी अण्णांनी स्वतः जोर लावला नाही, तर मेंदू काही शिकत नाही.

त्यांनी पॅड उलट्या बाजूला लावले. एक कोपराखाली बाहेरच्या अंगाला, दुसरा मनगटाच्या थोडा वर. समोर टेबलावर स्टीलचा पेला ठेवला. "अण्णा, आता येतोय हां. उघडा हात!" करंट आला, मनगट वर उठलं, बोटं उघडली. बंद झाला की पेल्याभोवती बोटं मिटायची. करंट काही सेकंदच, मग त्याहून जास्त वेळ विश्रांती, कारण करंटने स्नायू लवकर दमतो. अण्णा तर घामाघूम व्हायचे. पूर्वीच्या ठिकाणी त्यांना कधी घाम आला नव्हता.

खांद्याच्या मागच्या स्नायूंनाही करंट दिला. खाच पूर्ण गेली नाही, पण दुखणं कमी झालं आणि रात्री झोप लागू लागली.

मॅडमनी दाखवल्यावर आम्ही घरी छोटी मशीन घेतली. इथे सांभाळा. दुकानदार टेन्स नावाची मशीन पुढे करतो. ती मुख्यतः दुखण्यासाठी असते. आपल्याला स्नायू हलवणारी हवी, आणि ती फिजिओकडून सेट करून घ्यावी. पॅड लावण्यापूर्वी कातडी पुसून कोरडी करते, काढल्यावर उजेडात बघते. लाली लवकर गेली नाही तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. चिकटपणा गेला की पॅड बदलते, महाग पडले तरी.

चालताना चवडा घासतो त्यावरही अशी मशीन असते. टाच उचलली की गुडघ्याखालच्या नसेला करंट जातो आणि चवडा वर येतो. अमेरिकेत लिबरसन यांनी 1961 मध्येच हे दाखवलं होतं. आम्हाला ती परवडली नाही. अण्णा घोट्याला प्लॅस्टिकची स्प्लिंट बांधून चालतात आणि त्यांचं भागतं.

आता पेला मशीनशिवाय धरता येतो, रिकामा असेल तर. भरलेला अजून हिंदकळतो. शर्टाची बटणं ते डाव्या हाताने लावतात, उजव्याने कड धरून ठेवतात. अंगठा अजून बाहेर येत नाही. सध्या मॅडम त्याच्यावर काम करतायत.