पोट सुटलेली भिंत

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

सिव्हिलला अ‍ॅडमिशन मिळाली की नातेवाइकांच्या लेखी माणूस त्याच दिवशी इंजिनिअर होतो. कॉम्प्युटरवाल्यांना प्रिंटर दुरुस्त करायला लावतात, मेकॅनिकलवाल्यांना मिक्सर, आणि आम्हाला भिंती दाखवतात! फर्स्ट इयरला, म्हणजे सगळ्या ब्रँच मिळून एकच मेकॅनिक्स घोकत होतो तेव्हापासून, मी मामाच्या गच्चीची गळती, मावशीच्या फ्लॅटची ओल आणि शेजारच्या काकूंच्या बाथरूमची फरशी असं बरंच काही 'पाहिलं' आहे. पाहून काय करायचं, तर गंभीर चेहरा करून "हं" म्हणायचं. चहा मिळतो.

पण गेल्या दोन वर्षांत एक भिंत अशी भेटली की "हं" म्हणून भागणार नव्हतं. त्या भिंतीला खाट लावून माझी आजी झोपते.

आमचं गाव कराड-पाटण रस्त्याला. घर पणजोबांनी बांधलेलं. पुढे चार खण, मागे तीन, मध्ये रुमालाएवढं अंगण. दोन फुटी दगडी भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर मंगलोरी कौलं. दगडी म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो, पण आमच्याकडच्या बहुतेक जुन्या भिंती दगड-मातीच्या. म्हणजे दगडांच्या मध्ये चुना नाही, निव्वळ माती. कोरडी आहे तोवर ती माती इमानदार. पाणी लागलं की संपलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठचे वाडे पाण्याच्या लोंढ्याने तर पडलेच, पण मातीत बांधलेल्या कितीतरी भिंती भिजून नंतर जागच्या जागी बसल्या.

आमच्या घराने मात्र ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिलेला आहे. आजी तेव्हा नवी सून. ती सांगते, "कौलं सगळी अंगनात आली, पर लाकूड जागचं हललं न्हाई." यात तिचं सासरचं कौतुक असलं तरी तथ्य आहे. जुन्या घरात छपराचं बरंचसं वजन खांब-तुळयांवर असतं. सांगाडा शाबूत असेल तर एखादी भिंत ढासळली तरी छप्पर डोक्यावर येईलच असं नाही.

तर झालं असं की सेकंड इयरच्या दिवाळीत घरी गेलो आणि काकांनी मला चपलासुद्धा काढू न देता घराच्या ईशान्य कोपऱ्यावर नेलं. कोपऱ्यात जोत्यापासून वरपर्यंत चढत गेलेली, पायऱ्यापायऱ्यांची भेग. गावातल्या प्रत्येकाने ती येऊन पाहिली होती. एका गवंड्याचं मत, "वरनं सिमेंट मारू, दिसनार न्हाई." एका कॉन्ट्रॅक्टरचं मत, सगळं पाडा आणि आरसीसी बांधा, कोटेशनही देऊन गेला होता. मोठ्या काकांना ते पटलेलं, धाकट्या काकांना पैशाची अडचण, वडील गप्प. खरी गोष्ट अशी की घर तिघांच्या सामाईक नावावर आहे. घर पाडलं की जागेची वाटणी आली, आणि वाटणी आली की आजी कुणाकडे राहणार हा प्रश्न आला. हे कोणी बोलत नव्हतं. सगळे भेगेबद्दल बोलत होते.

मत देण्याआधी मोजा, असं आमचे स्ट्रक्चर्सचे सर वर्गात इतक्यांदा म्हणतात की कंटाळा येतो. पण दुसरं काही सुचेना म्हणून तेच केलं. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवला आणि दोघांमधलं अंतर व्हर्नियरने घेतलं. भेगेवर आडव्या काचेच्या दोन पातळ पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या आणि शेजारी तारीख लिहिली. भेग हलली की काच तडकते, एवढं साधं यंत्र! चुलत भाऊ दहावीला, त्याला व्हर्नियर वाचायला शिकवलं. तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रीडिंग पाठवायचा (आणि बदल्यात मोबाइलचा रिचार्ज मागायचा).

भेग अंतर वाढवत चालली असती तर गोष्ट वेगळी होती. पण रीडिंग उन्हाळ्यापर्यंत सुमारे २ मि.मी. वाढलं आणि पावसाळ्यात जवळजवळ सगळं परत आलं. एप्रिलात काच तडकली, ऑगस्टात भेग मिटत आली. आमच्याकडे काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात हे गावात कुणाला सांगायला नको. घराच्या मधोमध ओल टिकून राहते, बाहेरचा कोपरा मात्र वाळतो आणि खाली बसतो. म्हणून भेग वर रुंद आणि खाली निमुळती. हाच प्रकार उलटा, म्हणजे मधला भाग खचत असता, तर ती खाली रुंद दिसली असती. त्यात त्या कोपऱ्यापासून आठ फुटांवर कडुलिंब, तोही पाणी ओढतो. थोडक्यात, सगळा गाव जिला घाबरत होता ती भेग वर्षानुवर्षं श्वास घेत असावी.

भीती दुसरीकडे होती, आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मागच्या गल्लीच्या बाजूची भिंत. सिमेंटचं प्लास्टर, वर निळा रंग, भेग जवळपास नाही. पण गल्लीच्या टोकाला उभं राहून भिंतीच्या अंगाने नजर टाकली की मध्येच तिला पोट सुटल्यासारखं दिसायचं. पागोळीखालून ओळंबा सोडला. कमरेच्या वर भिंत ओळंब्याच्या अडीच इंच बाहेर! मग आत जाऊन आजीच्या खाटेमागून ओळंबा सोडला, तर आतली बाजू सरळ. अर्धा इंचसुद्धा फरक नाही.

वाचकहो, इथे थांबून विचार करा (सिव्हिलवाल्यांनी तरी करा). अख्खी भिंत कलली असती तर आतली बाजूही कलली असती. बाहेरची बाजू फुगते आणि आतली सरळ राहते याचा अर्थ भिंत एक राहिलेली नाही, दोन झाल्या आहेत. दोन फुटी दगडी भिंत म्हणजे खरं तर आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन पदर, आणि मधे कपच्या नि माती. हे दोन पदर एकमेकांना धरून राहावेत म्हणून ठरावीक अंतराने भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा असतो. पुस्तकात थ्रू स्टोन, मिस्त्रींच्या तोंडी हेडर. तो नसेल तर मधली माती पाचरीसारखं काम करते. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. इतर भिंती ठणठणीत, आणि इथे भद्द आवाज.

पाणी कुठून आलं हे शोधायला वेळ लागला नाही. गल्लीचा रस्ता दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा होत होत आमच्या जोत्याच्या वर गेलाय, त्यामुळे पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी थांबतं. वरची पन्हळ फुटलेली. आणि या दोन्हीच्या मध्ये ते 'मजबुतीसाठी' मारलेलं सिमेंट प्लास्टर. मातीच्या भिंतीत ओल थोडीफार जाणारच, पण मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेरही पडते. सिमेंटने तिचा बाहेर पडायचा रस्ता बंद केला. ओल आतल्या बाजूला फुटली, आजीच्या खोलीत लोणा लागला, आणि मधली माती चिखल होऊन खाली बसत बाहेरच्या पदराला ढकलत राहिली. आजीची खाट नेमकी तिथे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी हे सगळं वहीत आकृती काढून दाखवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सात हजारांहून अधिक माणसं गेली, ती मुख्यतः अशाच भिंतींखाली आणि वरच्या माळवदाच्या मातीखाली, हेही सांगितलं. तिथेही पुष्कळ घरांत लाकडी खण होते, पण हेडर नसलेल्या जाड भिंती फाकल्या आणि खाली आल्या. आमच्याकडे डोक्यावर मातीचं ओझं नाही हे नशीब, पण कोयना आम्हाला लातूरपेक्षा जवळ आहे. मोठे काका म्हणाले, "म्हणजे पाडायचंच की!" मी म्हटलं, एक भिंत दुरुस्त करायची, घर नाही पाडायचं. धाकटे काका म्हणाले, "खर्च?" आजीला म्हटलं तू आजपासून पुढच्या खोलीत झोप. ती म्हणाली, "मला हितनं हलवू नका रं. म्हशीचा आवाज हितनंच ऐकू येतो." म्हैस व्यायला झाली होती, त्यामुळे तो मुद्दा कुणाला खोडता आला नाही. शेवटी खाट खोलीच्या दुसऱ्या भिंतीला हलवायला तयार झाली. तेवढ्यासाठी पाऊण तास लागला.

सरांना फोटो आणि मापं दाखवली. ते सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीने येऊन पाहून गेले (त्यांचं नाव छापू नका म्हणालेत, नाहीतर सगळ्यांच्या मावशा रांग लावतील). मग एप्रिलमध्ये, पावसाच्या आधी, काम काढलं. भाड्याने स्टीलचे प्रॉप आणून तुळईला टेकू दिले. छपराचं वजन भिंतीवरून पूर्ण उतरल्याशिवाय एकही दगड काढायचा नाही, ही सरांची सक्त ताकीद होती. सिमेंटचं प्लास्टर काढलं. बाहेरचा पदर एकदम न उतरवता तीन-तीन फुटांचे पट्टे केले, एक सोडून एक उतरवले आणि बांधले. आत काय निघालं? कपच्या, उंदरांची बिळं, एक गंजलेलं खुरपं. आणि हेडर? आख्ख्या पट्ट्यात एकही नाही.

कामावर सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री होते. त्यांनी भिंत उकलल्यावर बराच वेळ नुसती पाहिली आणि म्हणाले, "ही पावसाच्या तोंडावर घाईत बांधल्याली हाय. म्होरल्या भितीत हेडर हायेत बघ, हितं लांब दगड सपलं असत्याल." पुढच्या भिंतीत खरोखरच होते. पणजोबांची कुठल्यातरी मे महिन्यातली धावपळ त्या माणसाने दगडांवरून वाचली; मला आयुष्यभर सर्व्हेइंग करून हे जमेल का शंका आहे.

दुरुस्तीचा आधार भारतीय मानक १३८२८ चा होता. दगड-मातीसारख्या कमकुवत बांधकामासाठीचं हे मानक १९९३ चंच आहे. त्यात दर ६०० मि.मी. उंचीला आणि आडवं १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता हेडर घालायला सांगितलंय. दोन फुटी दगड मिळाले तिथे दगड घातले, नाही तिथे भिंतीतच सळई घालून काँक्रीटचे ओतले. ज्या भागाला अजून पोट सुटलेलं नाही तिथे भिंत न उकलता, एक-एक दगड हलकेच काढून आरपार भोक केलं, दोन्ही टोकांना आकडा असलेली ८ मि.मी.ची सळई घातली आणि काँक्रीट भरलं. इथे ब्रेकर मशीन अजिबात लावायचं नाही. ज्या भिंतीला शिवायचं तिलाच हादरे द्यायचे का? जोडायला आणि गिलाव्याला चुना, वाळू आणि विटांची सुरखी. चुना विरवून ठेवावा लागतो, त्याला दिवस जातात, आणि सिमेंटवाले मजूर त्या काळात हसतात. बाहेर गल्लीच्या कडेने गटार काढलं, पन्हळ बदलली. सगळ्यात स्वस्त काम हेच होतं, आणि खरं तर सगळ्यात आधी हेच करायला हवं होतं. सगळा खर्च कोटेशनमधल्या नुसत्या पाडकामाच्या आसपास आला. तिघांनी सारखा वाटून घेतला. वाटणीचं बोलणं संपलंय असं नाही, पण 'घर पडेल' हे कारण आता त्यात नाही.

कोपऱ्यावरच्या भेगेचं काय केलं? फार काही नाही. चुन्याने भरली, कारण चुना थोडं सोसतो. जोत्याभोवती पाणी साचू नये अशी सोय केली. स्क्रू तसेच ठेवलेत, रीडिंग चालू आहे.

हॉस्टेलवाल्यांसाठी एक जाता जाता. रात्री जिन्यात बसून भिंतीवरच्या भेगा दाखवत "आता पडणार" म्हणायची आपल्याकडे प्रथा आहे. प्लास्टरवरची जाळ्यासारखी बारीक भेग म्हणजे बहुतेक वेळा नुसतं प्लास्टर आकसलेलं. कॉलम किंवा बीमच्या लांबीला समांतर, सळईच्या रेषेत गेलेली आणि तपकिरी डाग सुटलेली भेग दिसली तर मात्र रेक्टरसरांना सांगा. तिथे आतलं लोखंड गंजतंय, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट उडतं. तिथे नुसतं प्लास्टर करून रंग देणं म्हणजे आमच्या निळ्या भिंतीचीच गोष्ट.

आता उरलीय स्वयंपाकघरातली तुळई. वरून छान दिसते, पण भिंतीत घुसलेल्या टोकाशी पेचकस टोचला तर मुठीपर्यंत गेला. भिंतीतली ओल आणि वाळवी, दोघींनी मिळून खाल्लंय. बाकीची तुळई ठणठणीत आहे, त्यामुळे खराब टोक कापून नवा सागवानी तुकडा जोडायचा आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्टने आवळायचे असा बेत आहे. काम मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर. ज्यांना यायचंय त्यांनी तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या रूमवर नाव द्यावं. टेकू लावायला चार माणसं लागतील. भाकरी आजी करणार आहे, म्हशीने रेडी दिलीय आणि दूध भरपूर आहे.