पाणी पाजलेलं पातं

भालकी तालुक्यातल्या मैलारला मल्लण्णाची जत्रा भरली की खेळण्यांच्या पालांत मासोळी-चाकू टांगलेले असायचे. पितळी खवले, लाल खड्याचा डोळा आणि पोटातून उघडणारं बोटभर पातं. आम्हा पोरांचा जीव त्यावर जडलेला असे. आज्जा त्यातला एक हातात घ्यायचा, पात्याच्या टोकाला नखानं टिचकी मारायचा, कान देऊन ऐकायचा आणि परत दोरीला अडकवून टाकायचा. ‘पत्रा हाय ह्यो. वाजतच न्हाई.’ बिदर आणि गुलबर्ग्याकडच्या खेड्यांत पोलादाची परीक्षा अशीच कानानं, नखानं आणि कानशीनं होत असे. कानस घसरली तर पातं कडक, रुतली तर मऊ. कठीणपणा मोजायचं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं.

खिशातला चाकू तेव्हा शस्त्र म्हणून कुणी बघत नसे. बंडीच्या किंवा कोपरीच्या खिशात तंबाखूची चंची आणि तिच्याशेजारी घडीचा चाकू, हा प्रत्येक कुणब्याचा सरंजाम. शेतात वाळूक चिरायचं, भाकरीबरोबर कांदा कापायचा, सुतळी तोडायची, बैलाच्या खुरात रुतलेला काटा काढायचा, आंब्याचं कलम बांधताना फांदीला तिरपी खाच द्यायची, सगळं त्याच पात्यानं. आज्जाची पिढी निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेली. त्यांच्या दप्तरात कलमतराश, म्हणजे बोरू तासायचा चाकू, असे आणि बोरूला कत मारून देणं हे मास्तरांचं रोजचं काम. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली. जुन्या बिदर जिल्ह्यातलं उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेलं, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आलं. शाळेची भाषा बदलली, बोरूच्या जागी टाक आला, टाकाच्या जागी पेन्सिल आली. चाकूला मात्र काम उरलंच. आम्ही पेन्सिली त्याच आज्जाच्या चाकूनं तासल्या.

तो चाकू गावच्या लोहारानं केलेला होता. फाळ पाजळणं, विळे-खुरपी करणं हे बलुत्यातलं काम, त्याचं धान्य सुगीला खळ्यावर मिळे. चाकू बलुत्यात येत नसे, त्याचे रोख पैसे. त्यामुळे लोहारही त्याच्याकडे वेगळ्या मनानं बघायचा. पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘कशाला पाह्यजे?’ पानतंबाखूवाल्याला आखूड, रुंद पातं. कलमं बांधणाऱ्याला सरळ धारेचं, टोक बोथट, म्हणजे साल फाटत नाही. मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगराला लांब आणि जाड पाठीचं. मग तो गिऱ्हाइकाला मूठ वळायला सांगून तळहाताची रुंदी कोळशाच्या तुकड्यानं लाकडावर आखून घ्यायचा. डावखुऱ्या माणसासाठी नखाची खाच पात्याच्या दुसऱ्या बाजूला यायची. हे सारं न मागता व्हायचं. आज ज्याला आपल्या आवडीनुसार बनवून घेणं म्हणतात आणि ज्यासाठी जादा पैसे मोजतात, ते तेव्हा कामाचाच भाग होतं.

पोलाद कुठून यायचं? आधी मोडक्या कानशी. कानशीत कार्बन टक्काभर किंवा त्याहून जास्त असतो, पातं कडक होतं पण ठिसूळही. पुढं पुणे–हैदराबाद रस्त्यावरची वाहतूक वाढली, हुमनाबादला गॅरेजं झाली, बसवकल्याणला जुन्या ट्रकांचा आणि त्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार उभा राहिला, आणि लोहाराच्या हाती ट्रकचा पाटा आला. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का, वर सिलिकॉन आणि मँगनीज. ओझं घेऊन खड्ड्यांतून लाख वेळा वाकायचं आणि परत सरळ व्हायचं, यासाठी केलेलं ते पोलाद. चाकूला ते कानशीइतकी जहाल धार देत नाही, पण तुटत नाही. माझ्या मते खेड्यातल्या कामाला त्याच्याइतकं चांगलं पोलाद दुसरं नव्हतं.

त्याला पाणी पाजताना मी कितीदा तरी भात्याशी बसून पाहिलं आहे. भट्टीत पातं पिकल्या मिरचीसारखं लाल झालं की सांडशीनं उचलून गाडग्यातल्या तेलात उभं सोडायचं. या पोलादाला साधं पाणी चालत नाही, चिरा जातात. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ, खाली पडलं तर दोन तुकडे. म्हणून विटेच्या तुकड्यानं घासून ते पांढरं करायचं, लोखंडाची जाड कांब लालबुंद तापवायची आणि तिच्यावर फक्त पात्याची पाठ टेकवायची. मग लोहार कुणाशी बोलत नसे. पाठीकडून रंग सरकायला लागतात. आधी फिकट गवती, मग सोनेरी, तपकिरी, जांभळा आणि शेवटी मोरपंखी निळा. गवती रंग म्हणजे सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या आसपास, निळा म्हणजे तीनशेच्या जवळ. धारेपर्यंत गवती रंग पोचला आणि पाठ निळी झाली, की त्याच क्षणी पाण्यात. धार कडक, पाठ चिवट. एका पात्यात दोन स्वभाव घालायची ही विद्या लोहाराच्या डोळ्यात होती. ढगाळ दिवशी तो हे काम करत नसे, बाहेरचा उजेड पालटला की रंगही फसवतात म्हणून.

आणि ही विद्या या मुलखाला परकी नव्हती. आमच्या पूर्वेला निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथं मातीच्या मुशीत लोखंड वितळवून पोलादाच्या वड्या करत आणि त्या घ्यायला इराणी व्यापारी येऊन मुक्काम करत. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेल्या त्याच जातीच्या पोलादाच्या तलवारी दमास्कसच्या नावानं जगभर गाजल्या. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या भट्ट्या विझत गेल्या आणि शेफील्डचा माल बंदरांतून आत आला. सावकाराच्या पेटीत एखादा जोसेफ रॉजर्सचा, चांदणी आणि क्रॉसचा छाप असलेला चाकू जपून ठेवलेला असे.

माझा पुतण्या पुण्यात असतो. मागच्या दिवाळीत त्यानं नवा चाकू आणून दाखवला. ‘काका, डी-टू आहे,’ म्हणाला. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. मुळात हे पोलाद कारखान्यातल्या साच्यांसाठी आणि डायांसाठी. पातं अंगठ्यानं ढकलताच सरकन उघडतं, कारण खिळ्याभोवती बारीक बॉल-बेअरिंग. उघडलं की आतली पोलादी पट्टी येऊन मागून अडकते, पातं चुकून मिटत नाही. मूठ काचतंतू आणि इपॉक्सीची, घामानं निसटत नाही, पावसात फुगत नाही. मी टिचकी मारून पाहिली. नाद स्वच्छ आला. पातं बरोबर मधोमध मिटतं, आडवं हलवलं तर केसभरही हलत नाही. इतकी नेमकी बसवणी आमच्या लोहाराला हातानं जमली नसती, हे मी मोकळेपणानं म्हणतो.

पातं अडकवणारा हा खटका ही तर खरी सुधारणा. जुन्या चाकूचं पातं नुसत्या खिळ्याच्या घट्टपणावर उभं राहायचं. जोर लावून टोकानं खुपसायला गेलं की ते बोटांवर मिटायचं, आणि आमच्या गावात कितीतरी जणांच्या तर्जनीवर तो आडवा वण होता. फ्रान्सच्या सव्हॉय भागातला ओपिनेलचा चाकू १८९० पासूनचा, तोही असाच साध्या खिळ्याचा आणि लाकडी मुठीचा, शेतकऱ्यासाठी केलेला. १९५५ मध्ये त्यांनी मुठीच्या तोंडाशी एक फिरती कडी बसवली. पातं उघडायचं, कडी फिरवायची, झालं. इतकी साधी गोष्ट आमच्याकडच्या एखाद्या लोहारालाही सुचू शकली असती आणि त्याच्या हत्यारांनी करता आली असती. तेवढ्यात त्याची भट्टीच बंद पडली, याची मला हळहळ वाटते.

गंज हा दुसरा फरक. साध्या पोलादावर कैरी कापली की पातं काळं पडायचं आणि पहिल्या फोडीला लोखंडाची चव यायची. आज्जा पातं धोतराला पुसून त्यावर एरंडेलाचं बोट फिरवायचा. करडईचं तेल घरात भरपूर, पण ते खिळ्यात सुकून चिकट होतं आणि चाकू उघडेनासा होतो. बैलगाडीच्या आसाला लावायचं एरंडेल तसं सुकत नाही. स्टेनलेसनं ही सगळी राखण संपवली. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीनं ते पोलाद केलं आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बदलल्या. पुतण्याचं डी-टू त्या अर्थानं पुरतं स्टेनलेस नाही. क्रोमियम बरंच आहे, पण त्यातलं पुष्कळसं कार्बनशी बांधलं गेलेलं असतं. मीठ-लिंबू लागलं आणि पुसायचं राहिलं तर त्यावर ठिपके येतात. हे मी त्याला सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं तसा ठिपका आणून दाखवला.

पण खरी अडचण धारेची. आमच्याकडं उंबऱ्याला शहाबादी फरशी. कलबुर्गी जिल्ह्यातला हा चुनखडक तसा मऊच. त्यावर पाणी आणि चिमूटभर बारीक रेती टाकून पातं घासलं की रेतीतली गारगोटी पोलाद कापते. पाट्याच्या पात्याला तेवढं पुरतं. न्याहारी होईतो धार परत. डी-टूमध्ये क्रोमियमचे जे कठीण कण आहेत ते गारगोटीहून कडक, त्यांना रेती लागतच नाही. कुरुंदाचा दगड पाहिजे किंवा हिऱ्याच्या भुकटीची पट्टी. पूर्वी गावोगाव फिरणारे शिकलगार कुरुंदाची भुकटी लाखेत बसवून केलेली सहाण फिरवायचे. त्यांच्या सहाणेवर हे पातंही आलं असतं. आता पुतण्या पट्टी कुरिअरनं मागवतो. त्याची धार महिनोन् महिने टिकते हे खरं, आणि गेल्यावर शेतात बसून परत आणता येत नाही हेही खरं. मला विचाराल तर शेतकऱ्याला दुसरी गोष्ट जास्त नडते.

मूठ सैल झाली तर? आज्जाचा चाकू ऐरणीवर ठेवून खिळ्याच्या डोक्यावर हलका ठोका दिला की काम झालं. शिंगाची पट्टी फुटली तर बाभळीची बसायची. एकाच पात्यानं तीन-तीन मुठी पाहिल्या, पातं झिजून अरुंद झालं तेव्हा ते पेन्सिली तासायला आमच्याकडं आलं. नव्या चाकूचे चांदणीच्या खाचेचे स्क्रू खोलायला वेगळा पाना लागतो, आणि आतलं बेअरिंग गेलं तर नवं मिळेलच असं नाही.

मनाजोगता चाकू आजही करून मिळतो, पण निवड यादीतून होते. मुठीचे रंग, पात्यावरचा काळा मुलामा, लेसरनं कोरलेलं नाव. बिदरमध्ये राहून याहून चांगलं सुचायला हवं. जस्ताचे सोळा भाग आणि तांब्याचा एक, त्यात चांदीची तार आणि किल्ल्यातल्या मातीनं आणलेला काळा रंग, ही बिदरी कला हुक्के, पानदान, सुरया यांवर शतकानुशतकं नांदली. बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या जिल्ह्याला आनंद झाला. पूर्ण बिदरी मुठीचा चाकू मात्र मी कुणाला सुचवणार नाही. जस्त जड असतं, हाती घामेजतं आणि पडलं तर चिरू शकतं. मुठीच्या तोंडाशी पट्टीपुरतं बिदरी काम आणि बाकी लाकूड, असं केलं तर दोन्हींची शोभा राहील.

आता गावातली भट्टी राहिली नाही, तिथं वेल्डिंगचं दुकान आहे. पण मृगाच्या तोंडावर घिसाडी येतात, आठवडी बाजाराच्या कडेला पाल ठोकतात, नवरा सांडशी धरतो आणि बायको घण घालते. बिदरच्या नानक झिरा गुरुद्वाराच्या आसपास कृपाणं मिळतात. शिखांच्या पंज प्यारेंपैकी भाई साहिबसिंग इथलेच. बिदर-नांदेड पट्ट्यात शिकलगार शिखांची घरंही आहेत. पोलादाला पाणी पाजणारे हात अजून आहेत, त्यांच्याकडं चाकूचं काम घेऊन जाणारं गिऱ्हाईक कमी झालं. घडीचा छोटा चाकू करून घ्यायला कायद्याचीही आडकाठी नाही. नियमांतली मर्यादा नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना आहे, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातूनही वगळली आहेत. बटण दाबताच उसळणारं पातं मात्र टाळावं, त्याचं शेतात काही काम नसतं. विमानात हातातल्या सामानात नेता येत नाही एवढं ध्यानात ठेवावं.

पुतण्या आता म्हणतो, आपल्याकडं एक करून घेऊ. मी त्याला सांगितलंय, बसवकल्याणहून पाट्याचा वीतभर तुकडा आण, गंजून खड्डे पडलेला नको आणि तडा गेलेला तर अजिबात नको, तो तडा पात्यात उतरतो. पातं अडीच-तीन इंच, पाठ जाड, टोक थोडं खाली उतरतं. मूठ जुन्या बाभळीची, तुझ्या तळहाताच्या मापाची. फ्रेंचांची ती फिरती कडी घिसाड्याला दाखवू, तो करील. आणि खिळा पितळेचा घालायला सांग. पोलादी खिळा एकदा सैल झाला की उगाच झगडत बसावं लागतं, पितळेचा ठोकून कितीही वेळा आवळता येतो.