विषाचा अहवाल लिहिताना : काही टिपणं

व्हिसेऱ्याच्या, म्हणजे मृताच्या अवयवांच्या नमुन्यांच्या, बरणीसोबत पोलिसांचं पत्र येतं आणि त्यात संशयित विषाचं नाव असतं. नमुना थोडाच असतो, तेव्हा काय आधी तपासायचं हे ठरवायला ते वाचावं लागतं. धोकाही तिथूनच सुरू होतो. नाव डोक्यात घेऊन चाचणीचा आलेख पाहिला की तेच दिसायला लागतं.

*

अमेरिकेतलं मिसुरी राज्य, १९८९. एका तान्ह्या बाळाच्या रक्तात इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या कूलंटमधलं विष, सापडल्याचं प्रयोगशाळांनी कळवलं. बाळ गेलं. १९९१मध्ये आईला जन्मठेप झाली. दरम्यान ती कोठडीत असताना तिला दुसरा मुलगा झाला आणि त्याला मिथाइलमॅलॉनिक ॲसिडिमिया हा आनुवंशिक आजार निघाला. सेंट लुई विद्यापीठाच्या विल्यम स्लाय आणि जेम्स शूमेकर यांनी थोरल्याचं रक्त पुन्हा तपासलं. त्यात होतं प्रोपिऑनिक आम्ल, त्या आजारात शरीरातच साठणारं. येलचे पिएरो रिनाल्डो यांनीही जुने निष्कर्ष चुकीचे ठरवले. त्याच वर्षी आईवरचे आरोप मागे घेतले गेले.

तिला सोडवलं ते दुसऱ्या बाळाच्या आजारानं. तो झाला नसता तर?

*

नमुन्यातले पदार्थ वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीत दोन वेगळे पदार्थ जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडू शकतात; मिसुरीतली गफलत हीच. मास स्पेक्ट्रोमेट्रीत रेणूचे तुकडे दिसतात, ओळख पक्की होते. पहिल्या चाचणीनं संशय घ्यावा, वेगळ्या तत्त्वावरच्या दुसरीनं खात्री करावी, हा या धंद्याचा पहिला धडा.

*

तो धडा टोरंटोच्या सिक किड्स रुग्णालयातल्या मदरिस्क प्रयोगशाळेत पाळला गेला नाही. पालक दारू किंवा अमली पदार्थ घेतात का, हे ती केसांवरून सांगायची. २००५ ते २०१५ या काळात बालसंरक्षणाच्या प्रकरणांत १६,००० हून अधिक माणसांचे केस तपासले गेले. २०१०पर्यंत प्राथमिक चाचणीचे आकडे खात्री न करताच अंतिम म्हणून दिले जात होते. न्यायवैद्यक कामाचं प्रशिक्षण नव्हतं, नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची धड नोंद नव्हती. सुझन लँग यांच्या २०१५च्या चौकशी अहवालानं हे काम अपुरं आणि बेभरवशाचं ठरवलं. पुढे न्यायाधीश ज्युडिथ बीमन यांच्या आयोगाला ५६ प्रकरणांत या चाचण्यांचा निकालावर मोठा परिणाम झालेला आढळला.

तोवर बरीच मुलं दत्तक गेली होती. दुरुस्त अहवालानं ती परत येत नाहीत.

*

मेलेल्या शरीरात रक्त सगळीकडे सारखं राहत नाही. डिगॉक्सिनसारखी औषधं अवयवांतून हृदयातल्या रक्तात झिरपतात आणि नेहमीचा डोस घेणाऱ्याचं प्रमाणही विषाइतकं दिसू शकतं. म्हणून मांडीच्या शिरेतलं रक्त घ्यायचं, आणि कुठलं घेतलं ते लिहायचं. नुसतं ‘रक्त’ लिहिलं तर पुढचा आकडा अर्धवटच.

*

‘विष आढळले नाही’ याचा अर्थ विषानं मृत्यू झाला नाही, असा होत नाही. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. बरणीचं झाकण सैल असेल, तपासणीला उशीर झाला असेल, तर हाती काहीच लागत नाही. हे अहवालात लिहिलं नाही तर वाचणारा नको तो निष्कर्ष काढतो.

*

आपल्याकडे सरकारी केमिकल ॲनालायझरचा अहवाल साक्षीशिवायही पुराव्यात घेता येतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९. न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकतं, पण बोलावलंच नाही तर त्याची उलटतपासणीही नाही. मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निघालेला सीए (केमिकल ॲनालायझर) रिपोर्ट तेव्हा एकटाच बोलतो. मर्यादा त्यातच लिहिलेल्या नसतील तर त्या कुणी सांगणार नाही.

*

म्हणून प्रत्येक अहवालात दोन रकाने सक्तीचे हवेत : कोणती चाचणी केली नाही, आणि या निष्कर्षावरून काय सिद्ध होत नाही. तपास अधिकाऱ्याला ते आवडणार नाहीत, वकील त्यांवर बोट ठेवतील. ठेवू देत. सही करणाऱ्याची बांधिलकी दोन्ही पक्षांच्या पलीकडे, नमुन्यात खरंच काय होतं त्याच्याशी आहे.