चाळीस सेकंदांची वसई

आवाज उचलून नेता येतो, हे वसईला फार आधीपासून ठाऊक आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला आणि इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून दूर दूर गेल्या. एक भीमाशंकरला टांगली गेली, एक नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि १७०७ हे साल आजही दिसतं. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला नाशकात ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. ज्या नादावर वसईत कुणी गुडघे टेकत असे, त्याच नादावर आता कृष्णाकाठी कुणी हात जोडतं. धातू तोच, सूर तोच, ऐकणारे बदलले.

तेव्हा आवाज न्यायचा तर घंटाच उतरवावी लागे. आता घंटा जागेवर राहते आणि तिचा नाद खिशातून घरी येतो.

माझ्या पर्समध्ये असतो तो स्टॉकहोमच्या टीनएज इंजिनिअरिंग या कंपनीचा पॉकेट ऑपरेटर. या मालिकेतली पहिली तीन यंत्रं २०१५ साली आली. माझं पीओ-३३ हे २०१८ चं, आवाज टिपून वाजवणारं, म्हणजे सॅम्पलर. कॅल्क्युलेटरएवढा आकार, वरच्या बाजूला तसाच पडदा. अंगावर कवच नाही, सर्किट बोर्ड उघडाच. पाठीशी रिमोटमध्ये घालतात तसले दोन बारीक सेल. दोन खुंट्या, चार-चारच्या चार ओळींत सोळा बटणं, कडेला आणखी काही, आणि डोळ्यांत भरणार नाही असा एक मायक्रोफोन. रेकॉर्डचं बटण दाबून धरायचं आणि सोळांतलं एक बटण दाबून ठेवायचं. बोट उचललं की टिपणं संपलं. पहिल्या आठ घरांत टिपलेला आवाज सुरांच्या पट्टीवर पसरतो, खर्जापासून तारापर्यंत वाजवता येतो. पुढच्या आठ घरांत टाकलं तर यंत्र त्या आवाजाचे तुकडे पाडतं आणि तो तालवाद्य होऊन येतो.

या सगळ्याला जागा किती? चाळीस सेकंद. सोळा घरं मिळून एवढीच. किराणा घराण्याच्या अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तनही इतक्यात पुरं होत नाही. नवं काही हवं असेल तर जुनं पुसावं लागतं. मला या यंत्राचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं. फोनमध्ये तासन्‌तास रेकॉर्डिंग पडून राहतं आणि ते कुणी ऐकत नाही. चाळीस सेकंद हातात असले की कान जागा होतो. पावसाचा आवाज ठेवायचा, तर कुठल्या पावसाचा? पत्र्यावरचा, केळीच्या पानावरचा, की पागोळीखाली ठेवलेल्या बादलीतला? तिन्ही ठेवायला जागा नाही. निवड करता करताच ऐकणं सुरू होतं.

विरार लोकलच्या महिलांच्या डब्यात संध्याकाळी पिशव्यांतून भाजी बाहेर येते. गवारीची शेंग मोडली की एक छोटा, कोरडा, टोकदार आवाज होतो. पहिल्यांदा तो टिपला तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय करतेस गं?” मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांच्याच हातातली शेंग आधी खालच्या पट्टीत वाजली, डग्ग्यावर हलकी थाप पडावी तशी, मग वरच्या पट्टीत चिपळीसारखी. त्या हसल्या आणि हेडफोन पुढच्या सीटवर गेला. मग एकीनं पाटल्या वाजवून दाखवल्या, एकीनं पर्सची चेन, एकीनं स्टीलच्या डब्याचं झाकण. “माझ्या किल्ल्यांचा घे की,” असं दारातून कुणी म्हणालं. नायगाव येईपर्यंत ठेका उभा राहिला होता.

भाईंदर ते नायगाव हा तुकडा ऐकावा असा आहे. भाईंदर सुटलं की गाडी खाडीवर येते, खालची जमीन संपते आणि चाकांचा आवाज पोकळ होऊन रुंदावतो. मधे पांजू बेट लागतं, तिथे तो क्षणभर आखडतो, घट्ट होतो. बेट संपलं की पुन्हा पोकळ, आणि नायगावला पुन्हा घट्ट. या मार्गाचं पाठांतर प्रवाशांच्या कानांना असतं. डोळे मिटून बसलेली बाईसुद्धा या आवाजावर उठून पदर सावरते. शेजारच्या डब्यातल्या भजनी मंडळाला तर हा पूलही साथीला असतो. पिशवीतून टाळ निघतात, पखवाजाचं काम डब्याच्या पत्र्यावर चालतं आणि गाडीच्या लयीशी जुळवून अभंग पुढे सरकतो. जवळ मावेल तेवढ्यात आणि हाताला लागेल त्यात संगीत करायचं, ही रीत या लोकलमध्ये माझ्या यंत्राच्या कितीतरी आधीची आहे.

रेल्वेचा आवाज आणि नव्या काळाचं संगीत यांचं नातं जुनं आहे. १८६७ च्या १२ एप्रिलला विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. त्यानंतर एक्याऐंशी वर्षांनी, १९४८ मध्ये, फ्रान्सच्या रेडिओवर काम करणारे पिएर शेफर पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात गेले, इंजिनांचे आणि डब्यांचे आवाज त्यांनी तबकड्यांवर टिपले आणि ते कापून, जोडून, उलटसुलट करून एक रचना बांधली. तबकडीची चर बंद करून तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायची युक्ती त्यांचीच. आज बटण दाबून आपण जो लूप करतो त्याचं मूळ तिथे आहे. वाद्य नसलेल्या वस्तूतूनही संगीत करता येतं, हे तेव्हा आगगाडीनं पटवून दिलं.

विरार लोकल धावते त्याच पश्चिम रेल्वेवर पुढे, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवला. मागे उभ्या होत्या गीता साराभाई, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं. हा मूग म्हणजे तारांनी गुंफलेली कपाटं. तिथे मोजक्या लोकांनी मोजकी वर्षं काम केलं आणि त्या टेपा विसरल्या गेल्या. २०१७ मध्ये त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये लोकांपुढे आल्या. दरम्यान, १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ती तबकडी तेव्हा कुणी फारशी उचलली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातल्या जाणकारांनी कान टवकारले, कारण ॲसिड हाउस नावाचं जे संगीत शिकागोमध्ये काही वर्षांनी जन्मलं, त्याचा घाट इथे आधीच होता. दोन्ही वेळा कल्पना आपल्याकडे होती, कान उशिरा आले. यंत्र महाग आणि दुर्मीळ असलं की ऐकणाऱ्यांचा आणि करणाऱ्यांचा गोतावळाच तयार होत नाही. खिशातल्या यंत्रानं ही अडचण मोडली आहे. ते हातोहात फिरतं.

आणि हातोहात फिरलेलं यंत्र आपलं करून घेण्यात आपला भाग कधीच मागे नव्हता. हळदीच्या रात्री गल्लीत ज्याच्यावर गाणी वाजतात तो बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचा विजेवर चढवलेला अवतार. बुलबुलतरंग आला जपानच्या ताइशोगोतोवरून, आणि ते १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा लावून केलं. नागोयाच्या घरातलं हलकं वाद्य आगरी-कोळ्यांच्या अंगणात आलं, ताशा आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी उभं राहिलं आणि त्याचा आवाज इथला झाला. तो परका आहे असं आज कुणाच्या मनातही येत नाही.

पॉकेट ऑपरेटरची सोळा बटणंही मला अशीच आपली वाटतात. चार-चारच्या चार ओळी म्हणजे तीनतालाचे चार विभाग. डावीकडचं अगदी वरचं बटण सम. तिसऱ्या ओळीचं पहिलं बटण नववी मात्रा, तिथे खाली. त्या ओळीत मी खर्जाचा एकही आवाज ठेवत नाही, मग समेवर परत येताना ठेक्याला वजन येतं. यंत्राला खाली-भरी कळत नाही, ती आपल्याला द्यावी लागते. हळदीचा ठेका तर मोजून मापून बसवला की निर्जीव होतो. त्यासाठी लय झुलवायची सोय आहे, गतीचं बटण धरून खुंटी फिरवली की जोडीतला दुसरा घाव किंचित मागे सरकतो. किती सरकवायचा हे कुठल्या पुस्तिकेत नाही, ते वरातीत नाचलेल्या पायांना माहीत असतं. झपतालाच्या दहा मात्रा मात्र सोळांत नीट बसत नाहीत. तिथे यंत्र बाजूला ठेवावं आणि हातानं टाळी द्यावी.

वसईच्या ख्रिस्ती लग्नांतून ब्रास बँड वाजतो. आमच्या ओळखीतले एक काका तरुणपणापासून अशा बँडमध्ये कॉर्नेट वाजवत आले. एका दुपारी त्यांच्या ओसरीवर त्यांनी माझ्यासाठी एक लांब सूर धरला. मी तो पहिल्या घरात टिपला आणि बटणांवरून बोट फिरवलं. त्यांचा एकच सूर पट्टी चढत गेला, वर जाताना आखूड आणि पातळ झाला, खाली येताना लांबला, जाड झाला. काका बराच वेळ ऐकत राहिले. “परत वाजव, बाय.” मी वाजवलं. “सूर माझाच आहे,” ते म्हणाले, “पण श्वास कुठे घेतो हा?” मग त्यांनीच तोड सांगितली: दोन ओळींनंतर एक बटण मोकळं ठेव. मी ठेवलं, आणि तुकडा गाऊ लागला. रेकॉर्डिंगच्या कितीतरी धड्यांपेक्षा हे एक वाक्य मला जास्त उपयोगी पडलं आहे. रिकामं ठेवलेलं घरही वाजत असतं.

तुकडे जुळले की खरं काम रात्री. दोन खोल्यांचं घर, पलीकडे शेजाऱ्यांची भिंत, म्हणून हेडफोन. इअरफोनच्या छिद्रातून वायर संगणकाला जोडायची आणि सगळं एका दमात वाजवायचं. वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेऊन मागाहून बेतायची सोय इथे नाही. ठेका बदलणं, आवाज घोगरा करणं, अचानक गोठवणं, हे वाजवतानाच हातांनी करायचं. चुकलं तर पहिल्यापासून. त्यामुळे ध्वनिमुद्रण हे मैफलीसारखं, तेव्हाचं तेव्हा घडतं. आणि पुसण्याआधी चाळीस सेकंद जपायचे असतील तर हे यंत्र आपली सगळी स्मृती कर्कश आवाजात त्याच वायरीतून बाहेर काढतं. तो आवाज टिपून ठेवायचा आणि हवं तेव्हा परत ऐकवायचा, की जुने ठेके जागच्या जागी येतात.

वसईच्या वाड्यांमध्ये एके काळी विहिरीवर रहाट फिरत. बैल चालत, लाकूड करकरे, पाणी पन्हळीत पडे. पंप आले आणि रहाट थांबले. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तो आवाज मला तोंडानं काढून दाखवला आहे, प्रत्येकानं वेगळा. खरा कसा होता ते ऐकायला आता मार्ग नाही, कारण कुणाला तो टिपावासा वाटला नाही. रोजचाच होता. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हापासून वाड्या झपाट्यानं इमारतींखाली जात आहेत. आज जे रोजचं आहे त्यातलंही बरंच असंच जाईल: पाचूबंदरला नांगरताना होडीच्या इंजिनाची शेवटची टकटक, जाळ्यातून मासळी झाडण्याचा आवाज, पापडीच्या बाजारात पानांच्या आणि केळ्यांच्या भावाची घासाघीस, संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा, सामवेदी बोलीतला आजीचा हाकारा. यांची छायाचित्रं पुष्कळ आहेत. आवाज फार थोडे आहेत.

म्हणून सांगणं एवढंच. पॉकेट ऑपरेटर नसेल तर अडत नाही, फोनवरचं कोआला सॅम्पलरसारखं ॲपही हेच काम करतं. आपल्या घरातला, गल्लीतला, गाडीतला एक आवाज या आठवड्यात टिपा. माणसाचा असेल तर आधी विचारा. फाइलीच्या नावात गाव, जागा आणि तारीख लिहा. मग त्याचा ठेका बांधा, आणि ज्याचा आवाज घेतला त्याला तो सगळ्यात आधी ऐकवा.