मोरसला गेलेले खापरपणजोबा

आमच्या घरात त्यांची गोष्ट दोन वाक्यांत संपायची. साहेबाच्या माणसांनी फसवून मोरसला नेलं. तिकडे उसात राबले आणि तिकडेच वारले. मोरस म्हणजे मॉरिशस. जुन्या माणसांच्या तोंडी बेटालाही तेच नाव आणि तिथून येणाऱ्या साखरेलाही. सर्वपित्री अमावास्येला त्यांच्या नावाचं पान वेगळं वाढलं जाई आणि ते वाढताना आजी डोळ्यांना पदर लावी. तिने त्यांना पाहिलेलं नव्हतं. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, बाप पाहिला तो सातव्या वर्षी, एका पावसाळ्यापुरता.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत त्या काळी सगळी घरं कुडाची होती. आमच्या एकट्या घराला जांभ्या चिऱ्यांचा चौथरा. तो मोरसच्या पैशांतून झाला, हे घरातले सगळे अभिमानाने सांगत. फसवून नेलेल्या मजुराकडे चिऱ्यांचा चौथरा बांधण्याइतका पैसा आला कुठून, असं मात्र कुणी विचारलं नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि या एका प्रश्नाच्या मागे लागलो.

मॉरिशस इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलं १८१० साली. १८२५ मध्ये तिथल्या साखरेवरची जादा जकात उठली आणि बेटभर ऊस पसरला. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तोवर मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळलेली होती. नोव्हेंबर १८३४ मध्ये ‘ॲटलस’ जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. तेव्हापासून १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे गेली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून. मुंबईहून गेलेले तुलनेने थोडे, आणि त्यांतले पुष्कळसे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंचे. १८५९ हे सर्वांत मोठ्या गर्दीचं साल. आमचे खापरपणजोबा त्याच साली गेलेले.

हे साल मला मिळालं मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत. उतरलेल्या माणसांची जुनी नोंदबुकं तिथल्या अभिलेखागारात जपलेली आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक, आणि क्रमांकापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज आणि कोणत्या मळेवाल्याकडे धाडलं त्याचं नाव. कारकुनांनी मराठी नावं कानाला लागली तशी उतरवली आहेत, त्यामुळे एकच गाव पानोपानी वेगळ्या वेषात भेटतं. नुसत्या नावावर शोधत बसलो असतो तर काही हाती लागलं नसतं. क्रमांक दिला तो तिथल्या बहिणीने.

बहीण म्हणतो, पण नातं जुळलं ते या शोधातच. खापरपणजोबांनी तिकडे दुसरा संसार थाटला होता आणि ती त्या घरातली. सरकारी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, माझ्याहून थोडी मोठी. तिथल्या मराठी मंडळींनी माझं पत्र एकमेकांकडे फिरवलं आणि ते तिच्यापर्यंत पोचलं. तिच्या आजोबांच्या जमिनीच्या कागदांत मूळ पुरुषाचा आप्रवासी क्रमांक होता. बापाचं नाव आणि गाव माझ्याकडच्या वंशावळीशी बरोबर जुळलं.

वय बावीस. उंची पाच फूट तीन इंच. जात मराठा. डाव्या भुवईवर व्रण. माझ्या वडिलांची उंचीही एवढीच होती. ते पान मी कितीतरी वेळ मिटू शकलो नाही.

नंतर बहिणीने दुसरं नोंदबुक काढायला लावलं. १८६५. तोच माणूस, तेच गाव, तीच भुवई; पुन्हा मुंबईहून उतरलेला, नवा क्रमांक घेऊन. आता नावापुढे ‘सिरदार’ लिहिलेलं, आणि त्याच्या पाठोपाठ एकाच मळ्याला दिलेली चौदा माणसं. गावं वाचत गेलो. आमची वाडी, खालची वाडी, नदीपलीकडची दोन गावं.

पणजोबांना आठवणारा तो पावसाळा हाच.

सिरदार म्हणजे उसाच्या फडातला मुकादम. मजुरांच्या टोळीवर नेमलेला, त्यांच्यातलाच एक. पहाटे हजेरी घ्यायची, काम मोजून द्यायचं, कोण आला नाही ते वर कळवायचं. मळेवाले जुन्या, विश्वासातल्या माणसांना गावी धाडत आणि त्यांच्याकरवी नवी माणसं आणवत. आणणाऱ्याला बक्षिशी मिळे आणि आणलेल्या टोळीवर मुकादमीही. वाडीत परत आलेला, अंगावर कोट, कनवटीला पैसा असलेला माणूस ‘चला’ म्हणाला, तर त्याला कुणी अनोळखी दलाल समजेल का? लोक त्याच्याबरोबर गेले, कारण तो आपला होता.

आमच्या घरातलं ‘फसवून नेलं’ हे पहिल्या खेपेला खरं असेलही. दुसऱ्या खेपेला नेणारे ते स्वतः होते.

त्या चौदांपैकी चौघांच्या नावांपुढे मृत्यूची नोंद आहे, सगळ्या १८६७ च्या. त्या वर्षी बेटावर हिवतापाची साथ शिगेला पोचली होती. पोर्ट लुईत तर माणसं घरोघर मेली. मळ्यांवरच्या छावण्यांत दाटीवाटीने राहणारे, नुकते आलेले, त्या हवेची सवय नसलेले आमच्याकडचे लोक तग धरणार कसे? आणि त्याच साली करार संपलेल्या मजुरांसाठी नवा कायदा आला. प्रत्येकाने छायाचित्र लावलेलं तिकीट जवळ बाळगायचं, नाहीतर भटका म्हणून अटक. त्या तिकिटांमुळेच हजारो मजुरांची छायाचित्रं राहिली. पोलिसांच्या सोयीसाठी काढलेले हे चेहरे आज वंशजांना पाहायला मिळतात. खापरपणजोबांचाही मिळाला. डोक्याला पागोटं, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, नजर सरळ समोर. भित्रा माणूस दिसत नाही.

मजुरांच्या हालांना वाचा फोडली ती एका युरोपियनाने. आदोल्फ द प्लेवित्झ त्याचं नाव. त्याने १८७१ साली जुन्या मजुरांच्या वतीने गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या होत्या. एका मळेवाल्याने त्याला भर रस्त्यात मारहाण केली, पण लंडनहून चौकशी आयोग आला आणि त्याचा जाडजूड अहवाल १८७५ मध्ये निघाला. तो मी रात्री जागून वाचला. ‘डबल कट’ म्हणजे एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा. महिन्याला पाचेक रुपये आणि शिधा मिळवणाऱ्याच्या हातात महिनाअखेर काय उरत असेल? सिरदारांच्या सावकारीबद्दल, त्यांच्या दंडेलीबद्दलही त्यात आहे. आमच्या माणसाचं नाव कुठे नाही. त्यांनी कुणावर काठी उगारली असं मी लिहिणार नाही, कारण तसा कागद नाही. पण कोण आला, कोण नाही, हे सांगणारा माणूस तेच होते, आणि त्यांच्या सांगण्यावर पगार कापला जात होता. एवढं निश्चित आहे.

बहिणीला हा भाग आवडला नाही. ती म्हणाली, “भाऊ, सिरदार झाला नसता तर काय झाला असता? मेलेल्यांत पाचवा.” मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही.

मला सर्वांत जास्त गुंतवलं ते खरेदीखतांनी. मॉरिशस इंग्रजांकडे आलं तरी कायदा फ्रेंचच राहिला, म्हणून जमिनीचे दस्त फ्रेंच नोटरींच्या दप्तरात, फ्रेंच भाषेत. बहीण वाचायची आणि मराठीत सांगायची. युरोपातल्या बीटच्या साखरेने उसाच्या साखरेचा भाव पडला, मोठे मळेवाले कर्जात बुडाले आणि १८८० नंतर त्यांनी कडेची, खडकाळ, दूरची जमीन तुकडे पाडून विकायला काढली. ती घेण्याइतकी शिल्लक ज्या हिंदी लोकांकडे होती त्यांत सिरदार आघाडीवर. १८८६ च्या दस्तात खापरपणजोबांनी सहा आर्पां जमीन घेतली आहे. आर्पां म्हणजे एकराहून किंचित मोठा. थोडी रोख, उरलेली व्याजासह हप्त्यांनी. सहीच्या जागी फुली. आणि खरेदीदाराच्या नावापुढे व्यवसाय : मळेवाला.

सत्तावीस वर्षांत, सही करता न येणारा एक कुळवाडी ज्या मळेवाल्यांसाठी राबला त्यांच्याच रकान्यात जाऊन बसला. मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. बहिणीने ती जमीन दाखवली. पश्चिमेकडच्या उतारावर, बेसॉल्टचे काळे धोंडे वेचून वेचून बांधासारखे रचलेले, आणि मधल्या पट्ट्यांत ऊस. हे धोंडे हातांनी वेचलेत. कुणाच्या हातांनी, ते शेवटच्या कागदात कळलं.

छोट्या मळेवाल्याचं जिणंही सुखाचं नव्हतं. गिरणी मोठ्या मळ्याची; ऊस बैलगाडीने तिथे नेऊन घालायचा आणि गिरणीवाला देईल तो भाव घ्यायचा. २९ एप्रिल १८९२ च्या चक्रीवादळाने बेटावर सुमारे बाराशे माणसं मारली आणि उभं पीक झोपवलं. त्याच वर्षी आमच्या सहा आर्पांवर गहाणखत झालेलं दिसतं. सातच वर्षांत ते फेडलेलंही दिसतं. हा पैसा कुठून आला?

शेवटचा कागद म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, १८९९ मध्ये, नोटरीने घरात येऊन केलेली मालमत्तेची यादी. बैलगाडी एक. बैल दोन. तांब्याची भांडी. एक मृदंग, जाखडी नाचाचा असणार. तो नाच तिथले मराठी लोक आजही नाचतात. आणि कर्जाच्या चिठ्ठ्या. मजुरांनी काढलेल्या छोट्या छोट्या रकमा, त्यांवरचं व्याज, आणि ‘फडात काम करून फेडणे’ असा शेरा. त्या नावांमध्ये १८६५ च्या चौदांपैकी एक जण आहे. आमच्या माणसाबरोबर नदीपलीकडून गेलेला. चौतीस वर्षांनंतरही तो आमच्या खापरपणजोबांचा देणेकरी होता, आणि त्यांच्याच जमिनीतले धोंडे वेचत होता.

वारसांत तिकडची मुलं आहेत. संगमेश्वरातली बायको आणि मुलगा त्या यादीत नाहीत. तिथल्या कायद्याला आमच्या पद्धतीची लग्नं मान्यच नव्हती; कागदापुरतं आमचं घर अस्तित्वातच नव्हतं.

बहीण बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “त्या चिठ्ठीवाल्याची पतवंडं आमच्या मागच्या गल्लीत राहतात. गणपतीला आम्ही एकमेकांकडे जातो. त्यांना सांगायचं का, ते मी ठरवीन. तुम्ही तुमच्या गावाचं बघा.”

गावाचं म्हणजे खालच्या वाडीचं. १८६७ मध्ये हिवतापाने गेलेल्या चौघांतला एक त्या वाडीतल्या एका घरातला होता. त्या घरातले तात्या आता नव्वदीला टेकलेत. नोंदीची प्रत घेऊन मी त्यांच्या पडवीत गेलो. बोलायचं कसं याची मनात जुळवाजुळव करून गेलो होतो, पण त्यांनी मला फार बोलू दिलं नाही.

“तुज्या घरातल्यानं नेलान नि आनलान नाय,” ते म्हणाले. “आमची म्हातारी सांगायची. तुला आता कळला?”

दीडशे वर्षं आमच्या घरात जी गोष्ट नव्हती ती हाकेच्या अंतरावरच्या घरात पहिल्यापासून होती. आमच्या चौथऱ्याकडे पाहत ती माणसं पिढ्यान् पिढ्या पायवाटेने वर-खाली करत आली. लग्नकार्यात आमच्याकडे जेवून गेली. कुणी शब्द काढला नाही.

माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं तर तात्या म्हणाले, “ता ऱ्हांवदे. तारीख कंची लिवलीय ती सांग. तिथी काडून दे.” त्या माणसाचं श्राद्ध कधी तिथीवर झालंच नव्हतं, सर्वपित्रीलाच उरकत होते. एप्रिल १८६७ ची अखेर होती ती. जुनं पंचांग लावून पाहिलं, चैत्र वद्यातली तिथी निघाली. ती लिहून देऊन आलो.

आमच्या भावकीची वंशावळ छापायचं ठरलंय. खापरपणजोबांच्या नावापुढे ‘मोरस येथे मृत्यू’ एवढंच असू द्यावं, असं काही भाऊबंदांचं म्हणणं पडलं. मी तयार झालो नाही. १८५९ मध्ये मजूर म्हणून गेले, १८६५ मध्ये चौदा माणसं नेली, १८८६ मध्ये मळेवाले झाले, आणि ही त्या चौदांची नावं व गावं, असं सगळं त्या पानावर छापलं जाणार आहे. त्यांनी सोसलं तेही खरं आणि इतरांना सोसायला लावलं तेही खरं. एक ठेवून दुसरं गाळलं तर तो आमच्या घराचा इतिहास होत नाही.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंना अशी घरं पुष्कळ असतील, जिथे कुणीतरी मोरसला गेल्याचं नुसतं ऐकून माहीत आहे. त्यांनी मोक्याच्या संस्थेला जरूर लिहावं. गेलेल्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, जुना परगणा आणि अंदाजे साल एवढं जमवावं, आणि नातं दाखवणारे कागद हाताशी ठेवावेत. नोंद सापडली तर तिच्या मागची-पुढची पानंही मागून घ्यावीत. आपल्या माणसाबरोबर उतरलेल्यांची नावं तिथे असतात, आणि त्यांची घरं बहुधा आपल्याच पंचक्रोशीत असतात.