पगारचिठ्ठीवरचा आकडा

पुतण्या महाडच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे लागला, तेव्हा मी, बी.कॉम. झालेल्या कारकुनाने, एवढेच विचारले, "पगार किती?" चूक माझीच.

त्याच्या पगारातून दरमहा प्रॉव्हिडंट फंड कापला जाई. चिठ्ठीवर आकडा व्यवस्थित छापलेला. एकदा यूएएन नंबर टाकून पासबुक उघडले, तर शेवटचे पाच महिने कोरे!

बंधुभगिनींनो, कपात म्हणजे भरणा नव्हे. मूळ पगार व महागाई भत्त्यावर साधारणपणे 12 टक्के कामगाराचे, तेवढेच मालकाचे. ते पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावे लागतात. म्हणून ठेकेदाराची गाडी बघू नका. त्याच्याकडच्या जुन्या कामगाराला चहा पाजा आणि त्याचे पासबुक बघा. चिठ्ठी न देता रोख हातावर टेकवणारा दोनशे रुपये जास्त देत असला, तरी तो महागच पडतो.

आम्ही चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स घेऊन कारखान्यात गेलो. साहेब म्हणाले, "तो आमचा कामगार नाही." ठेकेदाराने फंड भरला नाही, तर तो भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे मी लेखी अर्जात मांडले. तीन आठवड्यांनी पासबुकात आकडे उमटले.

पुतण्या आता दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे. परवा स्वतःच मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, पहिला महिना जमा झालाय, बघा."